नदीतली दुबार पेरणी



नागपूरहून निघालेला रस्ता वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर असा आपला कापूस-ज्वारीचा मुलूख तुडवत कोकणात हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. तिथून उत्तरेला वळलं की चिपळूण लागतं, आणि चिपळूणची वाशिष्ठी नदी. पण भर उन्हाळ्यात वाशिष्ठीत वाहणारं पाणी बरंचसं घाटापलीकडच्या कोयनेचं आहे. कोयनेचा उतार पूर्वेला, कराडला कृष्णेकडे. ते पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवून पोफळी आणि अलोरे इथे वीज काढतात. प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. बच्छावत लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं. वीज काढून उरलेल्या पाण्याला सरकार ‘अवजल’ म्हणतं, आणि ते वाशिष्ठीत सोडून देतं.

शहरात संध्याकाळी दिवे लागले की जनित्रं फिरतात, पाणी चढतं. मागणी उतरली की जनित्रं थांबतात, पाणी ओसरतं. बटण तिकडे, नदी इकडे.

कित्येक जातींचे मासे काठच्या उथळ पाण्यात, दगडगोट्यांत, गवताच्या मुळांशी अंडी घालतात. महसीरची अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात. एवढ्यात पाणी उतरलं तर अंडी उघड्यावर पडतात आणि उन्हात सुकतात. एकदम लोंढा आला तर गोट्यांसकट वाहून जातात. वाचून बाहेर पडलेली पिल्लं डबक्यात अडकतात.

तुम्ही म्हणाल, आम्हा कोरडवाहूवाल्यांना माशाच्या अंड्यांचं काय? भाऊ, पहिल्या पावसावर विश्वास टाकून सरकी टोबली, कोंब वर आला आणि पावसाने पंधरा दिवस ताण दिला, तर काय होतं ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? आपण निदान कर्ज काढून दुबार पेरणी तरी करतो. माशाला बियाणं उधार कोण देणार? आणि पावसाचा दगा कोणाच्या हातात नसतो. या दग्याची कळ माणसाच्या हातात आहे.

ज्या मागणीपायी नदी खालीवर होते, त्याच मागणीपायी विहीरवाल्या शेतकऱ्याच्या वाट्याला रात्रीची वीज येत आली. तो काळोखात विंचूकाट्यातून पाणी द्यायला जातो. शहराची संध्याकाळ उजळायची तर गावाने रात्र जागायची आणि नदीने गाभ गाळायचा, असा हा न्याय!

साहेब विचारतील, अंड्यांसाठी वीज बंद करायची काय? मुळीच नाही. अमेरिकेत कोलंबिया नदीवर प्रीस्ट रॅपिड्स धरणाच्या खाली सामन मासा अंडी घालतो. तिथे १९८८ साली वीजवाल्यांनी करार केला, की अंडी गोट्यांत असेपर्यंत पाणी ठरल्या पातळीखाली जाऊ द्यायचं नाही. धरण चालूच आहे, वीजही चालू आहे. स्वित्झर्लंडने २०११ पासून कायदाच केला, की अशा चढउताराचं नुकसान २०३० पर्यंत निस्तरायचं. तिथे जमतं, मग इथेच काय आडवं येतं?

तेव्हा जिल्ह्याच्या बैठकीत ठराव घ्या. एक, जनित्रं थांबली तरी नदीत किमान पाणी राहिलंच पाहिजे. दोन, पाणी चढवायचं आणि उतरवायचं ते हळूहळू, विणीच्या महिन्यांत तर नक्कीच. तीन, पाणी सोडण्याचं वेळापत्रक काठच्या गावांना आधी कळलं पाहिजे.

बियाणं मातीतलं असो की पाण्यातलं, ते जाळण्याचा अधिकार कोणालाही नाही.