अनुदान गेलं, हप्ता आला

2016 मध्ये आयआयटीतल्या बीटेकची फी वर्षाला 90 हजारांवरून 2 लाख झाली. तेव्हा नाशिकमध्ये आमच्या ओळखीतले सगळे म्हणाले, ‘बाहेर पडल्यावरचं पॅकेज बघा ना!’ मीही मान डोलावली. आज वाटतं, चुकलंच.

सवलती आहेत. एससी, एसटी, दिव्यांग आणि 1 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना ट्यूशन फी माफ. 5 लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. पण सातपूरच्या कारखान्यांतले दोन पगार मिळून 6 लाख होणाऱ्या खुल्या किंवा ओबीसी गटातल्या घराला? पूर्ण फी.

2017 मध्ये ‘हेफा’ आली. इमारती आणि प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज. व्याज सरकार भरणार, मुद्दल मात्र जुन्या आयआयटींनी स्वतःच्या कमाईतून फेडायचं. ही कमाई येते कुठून? फी, कन्सल्टन्सी, कंपन्यांचे प्रोजेक्ट. मग उद्या तोच विभाग वाढेल, ज्यातून पैसा येतो. कॉम्प्युटरवाले आम्ही तरून जाऊ. शुद्ध गणिताचं काय?

‘देणग्या घ्या की!’ नंदन निलेकणींनी 2023 मध्ये आयआयटी मुंबईला 315 कोटी दिले. त्यांचं मन मोठं, वाद नाही. पण 2016 मध्येच सुरू झालेल्या गोव्याच्या आयआयटीनं असे माजी विद्यार्थी कुठून आणायचे?

पॅकेजचं म्हणाल, तर त्यावर आम्ही टॅक्स भरतो. शिक्षणाची किंमत तिथून वसूल करा, कमावणाऱ्याकडून, नंतर. अजून एक रुपयाही न कमावलेल्या अठरा वर्षांच्या पोराकडून आधीच नको.