बाळाच्या डोक्यावरची खपली

मूल महिना-दोन महिन्यांचे झाले की पुष्कळदा त्याच्या डोक्यावर पिवळसर, तेलकट खपल्या धरतात. कधी त्या भुवयांवर व कानांमागेही दिसतात. घरात लगेच कुजबूज सुरू होते. आईने आंबट खाल्ले, बाळाला नीट न्हाऊ घातले नाही, कोणाची दृष्ट लागली! बाप्तिस्म्याचा दिवस ठरला असेल तर पाहुण्यांपुढे डोके स्वच्छ दिसावे म्हणून कोणी नखाने, कोणी फणीने त्या खपल्या ओरबाडून काढते. आईला दोष देणे आणि बाळाचे डोके ओरबाडणे, या दोन्ही गोष्टी थांबल्या पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही खपली अस्वच्छतेने येत नाही, आईच्या खाण्याने येत नाही आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही. बाळाच्या त्वचेतून तेल अधिक पाझरते व त्यात मेलेली त्वचा चिकटून राहते, इतकेच. बाळाला बहुधा तिचा त्रास नसतो. बहुतेक मुलांची खपली वर्षाच्या आत आपोआप जाते. ओरबाडल्यास मात्र त्वचा सोलते आणि त्या जखमेत पू होऊ शकतो.

उपाय साधा आहे. आंघोळीपूर्वी 15-20 मिनिटे थोडे खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. खपली मऊ झाली की मऊ ब्रशने वा सुती फडक्याने अलगद पुसावी आणि लहान मुलांच्या सौम्य साबणाने तेल पूर्ण धुऊन टाकावे. आपल्याकडे टाळू भरण्याची चाल आहे. ते तेल न धुता रोज साचू दिले तर खपली अधिकच जाड बसते. जी सुटत नाही ती राहू द्यावी. लिंबू, राख, रॉकेल वा मोठ्यांचे कोंड्यावरचे औषध बाळाच्या डोक्याला लावू नये.

त्वचा लालभडक झाली, पाणी वा पू येऊ लागला, खपली अंगावर पसरली किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे. गोल चकत्यांत केस गळू लागले तर तो नायटा असू शकतो. डोक्यावरचा नायटा नुसत्या मलमाने जात नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटात औषध घ्यावे लागते.

बाप्तिस्म्यात आम्ही बाळाच्या डोक्यावर पाणी ओततो व पवित्र तेलाचा अभ्यंग करतो. खपली असल्याने त्या संस्काराला काही उणे येत नाही. तेव्हा बाळाची टोपी काढताना कोणत्याही आईला मान खाली घालावी लागू नये. घरच्या वडीलधाऱ्यांनी तेवढे मनावर घ्यावे.