‘मॅग्नेट’ शाळा आणि घरातील ज्येष्ठ



मुलाकडे वा मुलीकडे काही महिन्यांसाठी अमेरिकेस जाणाऱ्या ज्येष्ठांच्या कानी ‘मॅग्नेट स्कूल’ हा शब्द वारंवार पडतो. नातवंड तेथे शिकत असेल, तर घराचे सारे वेळापत्रक त्या शाळेभोवती फिरू लागते. त्याचा मुलाच्या झोपेवर, भुकेवर आणि मनावर होणारा परिणाम पुष्कळदा प्रथम दिसतो तो घरी असणाऱ्या आजी-आजोबांना. म्हणून या शाळांची ओळख आपल्याला असणे हिताचे आहे.

मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरीही वस्त्या विभागलेल्याच होत्या, त्यामुळे शाळाही तशाच राहिल्या. सक्तीऐवजी आकर्षणाने सर्व वस्त्यांतील मुले एकत्र यावीत, म्हणून १९७० च्या दशकात अनेक शहरांनी विज्ञान, कला, आरोग्य अशा एकेका विषयाला वाहिलेल्या शाळा काढल्या. त्या सार्वजनिक असल्याने तेथे शिक्षणशुल्क नसते. मात्र प्रवेशासाठी अर्ज करावा लागतो.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरातील डिबेकी हायस्कूल हे त्याचे ठळक उदाहरण. १९७२ साली शहराच्या शिक्षणमंडळाने बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने ते सुरू केले. येथे नववी ते बारावीच्या नेहमीच्या अभ्यासाबरोबर आरोग्यशास्त्र शिकवले जाते आणि वरच्या वर्गातील मुलांना रुग्णालयाचे कामकाज प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळते. शाळेला ज्यांचे नाव दिले आहे, ते हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन कापडाच्या कृत्रिम रक्तवाहिन्या प्रथम घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांची महारोहिणी आतून फाटली, तेव्हा त्यांनीच विकसित केलेल्या शस्त्रक्रियेने त्यांचे प्राण वाचले. २००८ साली, शंभरीला दोन महिने उरले असता, त्यांचे निधन झाले.

अशा शाळेच्या अपेक्षा कठोर असतात. महाविद्यालयीन दर्जाचे विषय, प्रयोगशाळा, स्वयंसेवा, शिवाय दूरच्या वस्तीतून येणाऱ्यांसाठी लांबचा बसप्रवास. त्यात टेक्सासमध्ये आणखी एक पेच आहे. १९९७ च्या कायद्यानुसार आपापल्या शाळेत वरच्या १० टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या प्रसिद्ध विद्यापीठाची मर्यादा तर याहून कडक आहे. निवडक हुशार मुलांच्या शाळेत हा हिशेब फार जाचक ठरतो. आठवीपर्यंत पहिला येणारा नातू येथे मध्यावर असू शकतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते. बदललेली असते ती रांग. अशा वेळी ‘कितवा नंबर आला?’ हा आपला मायेचा प्रश्न त्याला बोचतो. त्याऐवजी ‘आज नवीन काय शिकलास?’ असे विचारावे. मात्र रुग्णालयात कोण रुग्ण पाहिले, हे विचारू नये. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

झोपेविषयी एक गैरसमज आपल्या पिढीत दृढ आहे. पहाटे उठणारा तो उद्योगी आणि उशिरा उठणारा तो आळशी, असे आपण मानतो. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा सकाळी ८.३० पूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सुटीच्या दिवशी मूल तास-दोन तास जास्त झोपले, तर पांघरूण ओढू नये. रात्री दिवे लवकर मंद करावेत, भ्रमणध्वनी निजायच्या खोलीबाहेर ठेवण्याचा नियम स्वतःपासून सुरू करावा. डब्यात शेंगदाण्याची चटणी वा लाडू देण्यापूर्वी ॲलर्जीविषयीचा शाळेचा नियम आई-वडिलांना विचारून घ्यावा.

काही खुणा मात्र ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून सोडून देऊ नयेत. जेवण तुटणे, मित्र टाळणे, आवडीचा खेळ वा वाद्य बंद पडणे, ‘मी नसलो तर बरे’ असे उद्गार. हे दोन आठवडे टिकले, तर आई-वडिलांशी स्पष्ट बोलावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मरणाची भाषा एकदाही कानी आली, तर त्याच दिवशी, मुलाला एकटे न सोडता. ‘असा विचार मनात येतो का?’ असे शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. बोलायला वाट मिळते. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहेत. गुपित राखण्याचे वचन अशा प्रसंगी देऊ नये.

आणि एक गोष्ट आपण देऊ शकतो : आपला दंड. आरोग्यशास्त्र शिकणाऱ्या नातवंडाला रक्तदाब मोजण्याचा सराव हवा असतो. लघवीला जाऊन यावे, आधी अर्धा तास चहा-कॉफी व तंबाखू टाळावी. पाठीला आधार देऊन, पावले जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीवर. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. आकडा पाहून गोळी कमी-जास्त करणे हे नातवाचे काम नव्हे आणि आपलेही नव्हे. वही डॉक्टरांना दाखवावी.

त्या पाच मिनिटांत मुलाच्या हाती पुस्तक नसते, भ्रमणध्वनी नसतो. समोर एक माणूस असतो, त्याच्याच घरातला. वैद्यकाचा हा पाठ अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो शिकवण्यास आपल्याला कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.