दुकान झालेले घर आणि प्रक्षिप्ताचा प्रश्न

प्रक्षिप्त भाग बाजूला सारून मूळ संहितेपर्यंत पोहोचण्याची ओढ साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाही. जुन्या वास्तूंच्या जतनातही हीच ओढ दिसते. दर्शनी भागात पुढे दुकान निघालेले घर पाहिले, की ते 'पूर्ववत' करावे असे अनेकांना वाटते. आमच्या मते येथे थोडे थांबायला हवे.

लंडनच्या स्पिटलफील्ड्समधील आर्टिलरी लेनवरचे ५६ क्रमांकाचे घर घ्या. १६८५नंतर फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉ प्रॉटेस्टंटांमुळे हा भाग रेशीम विणकरांचा झाला. सामाईक भिंतींच्या ओळीतल्या या घराची १७५६-५७च्या सुमारास रेशमाच्या व्यापाऱ्यांसाठी फेरबांधणी झाली. तळमजल्यावर रस्त्याकडे फुगलेल्या, लहान तावदानांच्या खिडक्या आणि डोरिक खांब आले. वरचे मजले मात्र घराचेच राहिले. जॉर्जियन काळातील जी दुकानमुखे लंडनमध्ये उरली आहेत, त्यांतील अत्युत्तमांत आज याची गणना होते. वारसा-इमारतींच्या यादीत त्याला पहिली श्रेणी आहे ती मुख्यतः या दुकानामुळे. म्हणजे घराला जे 'प्रक्षिप्त' म्हणावे, तेच त्याचे सर्वांत मोलाचे पान ठरले!

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या संपादकांनी संहितेतून वगळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. म्हणूनच त्यांच्या निर्णयाशी आज कोणालाही वाद घालता येतो. वास्तूला ही सोय नाही. उतरवलेले दुकानमुख कोणत्याही तळटीपेत उरत नाही आणि त्याच्या जागी बसवलेली 'मूळ' भिंत ही बहुधा आपल्या काळाची कल्पना असते. पाठ शुद्ध करण्याच्या नावाखाली आपण एक नवाच प्रक्षेप करतो, आणि तोही स्वाक्षरीविना.

मग प्रत्येक बदल पवित्र मानायचा काय? तसेही नव्हे. साऱ्या दर्शनी भागावर प्लास्टिकची पाटी ठोकणारा दुकानदार पाठभेद निर्माण करत नाही, तो पोथीवर शाई सांडतो. आमची कसोटी साधी आहे: नव्या थरानंतर जुना थर वाचता येतो काय? आर्टिलरी लेनवर तो येतो. तळमजला व्यापाराची भाषा बोलतो, वरच्या खिडक्यांची ओळ कुटुंबाच्या राहणीची. ५६ आणि ५८ या दोन्ही घरांत २००९ साली कलादालन सुरू झाले, तेव्हाही आधीचे लेखन पुसले गेले नाही. त्यात एका थराची भर पडली.

मूळाचा शोध अवश्य घ्यावा. परंतु ज्या वस्तूची दुसरी प्रत अस्तित्वात नाही, तिच्यावर संपादकाची कात्री चालवण्यापूर्वी हात थरथरला पाहिजे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे इतरांआधी कळावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.