धुराड्यातील पाहुणे

अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पुष्कळांच्या दिवाणखान्याच्या भिंतीतून अकस्मात कलकलाट ऐकू येतो. धुराड्यात पाकोळ्यांनी घरटे केलेले असते. आपल्याकडील पाकोळीच्या कुळातील ही पाखरे फांदीवर बसू शकत नाहीत. उभ्या भिंतीला नखांनी बिलगतात व काटक्या लाळेने चिकटवून घरटे बांधतात. पूर्वी ती पोकळ वृक्षांत राहत. वृक्ष तुटले, तेव्हा धुराडी जवळ केली. कलकलाटाने घरची माणसे त्रासतात हे खरे. परंतु खाली जाळ केला, तर पिले होरपळतील. शिवाय १९१८ च्या कायद्याने अंडी वा पिले असलेले घरटे काढण्यास मनाई आहे. धुराड्याची खालची झडप लावावी, म्हणजे आवाज कमी होतो. पिले महिनाभरात उडू लागतात. शरदात पाखरे दक्षिण अमेरिकेस गेली, की धुराडे झाडून घ्यावे. मग वर जाळी बसवावी काय? आम्ही तरी बसविणार नाही.