अटकेचा कागद आणि आपली सही



मध्यंतरी एका रात्री पुण्यात कसबा पेठेत आमच्या दारावर थाप पडली. दारात एक माउली उभी होती. तिच्या मुलास सायंकाळी पोलिसांनी धरून नेले होते. कोणत्या गुन्ह्यासाठी नेले, न्यायालयापुढे केव्हा उभे करणार, यातील काहीही तिला ठाऊक नव्हते. तिच्या पतीने मात्र ठाण्यात एका कागदावर सही केली होती. त्यात काय लिहिले होते, असे विचारता ती म्हणाली, "वकीलसाहेब, त्यांनी सही मागितली, यांनी दिली. पोलिसांना उलट कसं विचारायचं?"

तो कागद म्हणजे अटक पंचनामा होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम ३६ प्रमाणे अटकेचा कागद तयार करून त्यावर घरच्या माणसाची अथवा वस्तीतील प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी लागते. म्हणजे कायद्याने त्या बापास आरोपीचा रक्षणकर्ता साक्षीदार म्हणून बोलाविले होते. आणि तो मात्र गुन्हेगारासारखा मान खाली घालून, न वाचता सही करून परतला!

हा दोष त्या एकट्याचा नाही. पिढ्यानपिढ्या चावडीपुढे हात जोडून उभे राहण्याची जी सवय आपल्या अंगी मुरविली गेली, तिचा हा अवशेष आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेऊन आपण देवांपुढे वाकणे सोडले. ठाण्याच्या पायरीवर वाकणे अद्याप सोडलेले नाही.

वस्तुतः त्या पायरीचा विचार बाबासाहेबांनी आपल्याआधी करून ठेवला आहे. घटनेच्या मसुद्यातील जीवित व स्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य न्यायप्रक्रिया' ही शब्दरचना वगळली गेली, तेव्हा त्या उणिवेची भरपाई व्हावी म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी घटना समितीत एक नवे कलम मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२ होय. अटकेची कारणे कळविणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, ही बंधने त्या अनुच्छेदाने पोलिसांवर घातली आहेत.

ही कारणे केवळ तोंडी सांगून भागत नाही. मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निर्णय दिला, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीस समजणाऱ्या भाषेत लेखी दिलीच पाहिजेत. तत्काळ देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत. परंतु कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी मिळाली पाहिजेत. तसे न केल्यास अटक बेकायदेशीर ठरते.

आता कोणी म्हणेल, कायदा माहीत असला म्हणजे माणूस सुरक्षित झाला. परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. ते कायद्याचे विद्यार्थी होते! पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवावा, हा उच्च न्यायालयाचा आदेश मिळण्यास ४ जुलै २०२५ उजाडला. त्यांच्या आईने तो लढा सोडला नाही, म्हणून तो आदेश मिळाला.

यातून एकच बोध घ्यावयाचा. हक्क आत असलेल्याचा असतो. पण तो बजावून घ्यावा लागतो बाहेर असलेल्यांना. म्हणून घरातील कोणास अटक झाली तर रडत बसू नका, गर्दी करून आरडाओरडही करू नका. दोघे-तिघे शांतपणे जा. कागद वाचल्याशिवाय सही करू नका; अटकेची वेळ खरी लिहिली आहे काय ते पाहा. कारणांची लेखी प्रत आरोपीस मिळाली काय, हे विचारा. वैद्यकीय तपासणी झाली काय, हे विचारा, व अंगावर मार असेल तर तो डॉक्टरास आणि दंडाधिकाऱ्यास सांगण्यास आरोपीस बजावा. चौकशीच्या काळात वकिलास भेटण्याचा त्यास हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही, हेही त्यास कळू द्या.

वकिलास पैसे नाहीत, ही सबबही नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतील माणूस मोफत वकिलास पात्र आहे. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही. पुण्यात हे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते.

गुन्हा केला असेल त्यास न्यायालय शिक्षा देईल. तो अधिकार ठाण्याचा नव्हे. एवढे बोलण्याचे धैर्य प्रत्येक विहारातील निदान दोन तरुण-तरुणींनी अंगी आणावे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास अनुच्छेद २२ चे वाचन ठेवावे. पुढल्या वेळी एखादा बाप ठाण्यात सही करील, तेव्हा ती साक्षीदाराची सही असावी, शरणागताची नव्हे.

जयभीम.