एजंट तुमचा, दलाली आमची?

कोथरूडमध्ये भाड्याने घर शोधायला निघालात की गाठ मालकाशी पडत नाही, एजंटशी पडते. डहाणूकर कॉलनी असो, मयूर कॉलनी असो की भुसारी कॉलनी, प्रश्न ठरलेले. फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? आडनाव काय? आणि शेवटी : 'ब्रोकरेज एक महिन्याचं, दोन्हीकडून.'

हे 'दोन्हीकडून' आपण इतकं मुकाट गिळतो की त्यातली गडबड दिसेनाशी झाली आहे. 1872च्या भारतीय करार कायद्यात एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करायला नेमलेला माणूस. याला नेमलं कोणी? मालकाने. किल्ली कोणाची? मालकाची. अटी कोणाच्या? मालकाच्याच. शिवाय भाडं जितकं जास्त तितकी त्याची दलाली जास्त. म्हणजे आपल्याविरुद्ध घासाघीस करणाऱ्या माणसाची फी भाडेकरू स्वतःच्या खिशातून भरतो. एखाद्या वकिलाने एकाच दाव्यात दोन्ही पक्षकारांकडून पैसे घेतले, तर त्याला आपण काय म्हणू?

एजंट काहीच करत नाही, असं माझं म्हणणं नाही. मुलं परदेशात, आईवडील सत्तरीचे, फ्लॅट रिकामा : अशा घरी दहा जणांना जिने चढवून नेणं हे कामच आहे. पण ती सोय मालकाची आहे. सोय ज्याची, बिल त्याचं.

मालकाची आणखी एक सोय होते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सुशिक्षित माणसाला जे स्वतःच्या तोंडाने म्हणायला लाज वाटते, ते त्याच्या वतीने एजंट म्हणतो. जात, धर्म, एकटी राहणारी मुलगी : नकार द्यायचा असला की 'सोसायटीचा नियम आहे' एवढं पुरतं. मालकाचे हात स्वच्छ राहतात, आणि ज्याला घर मिळतं तो ते हात धुऊन देण्याचेही पैसे भरतो.

आता अकरा महिन्यांचं गौडबंगाल बघा. वर्षाच्या आतला करार असला की नोंदणी टळते, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55नुसार मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग अकराच महिने का? दोन किंवा तीन वर्षांचा करार, दरवर्षी ठरलेली वाढ, हेही कायद्याने चालतं. पण मग दर वर्षी 'रिन्यूअल'चे पैसे कसे निघणार? पंचवीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क साधारण सातशे रुपये, नोंदणी फी हजार. सरकार दोन हजारांच्या आसपास घेतं. एजंट दोन्हीकडून पन्नास हजार.

यावर ठरलेलं उत्तर येतं : मालकावर टाकलं तर तो भाडं वाढवेल. वाढवू दे. भाडं आधी दिसतं, त्याची तुलना करता येते, ते महिन्यामहिन्याने जातं. डिपॉझिट, टेम्पो आणि पहिलं भाडं यांच्याबरोबर एकरकमी पंचवीस हजार काढून ठेवणं नुकत्याच नोकरीला लागलेल्याला झेपत नाही. आणि एजंट निवडणारा मालकच असल्यामुळे दर पाडायची ताकदही त्याच्याचकडे आहे. स्वतःच्या खिशातून द्यायची वेळ आली की तोच विचारेल, 'एवढे कशाचे?'

हे स्वप्नरंजन नाही. ज्याने काम सांगितलं त्याने पैसे द्यावेत, हा नियम जर्मनीत 1 जून 2015पासून आहे. इंग्लंडने 1 जून 2019पासून भाडेकरूंकडून असली फी घेणं बंद केलं. न्यूयॉर्क शहरात जून 2025पासून तेच. आपल्याकडे 2016च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी लावली, पण ती प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. भाड्याचा एजंट त्यात येतच नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर पहिल्याच फोनवर विचारा : तुम्ही कोणाचे एजंट? 'मालकाचा' म्हणाला, तर दलाली मालकाकडे मागायला सांगा. 'तुमचा' म्हणाला, तर आपल्या बाजूने भाडं कमी करून दाखवायला सांगा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. आणि ज्यांच्या आईबाबांचा एखादा फ्लॅट भाड्याने जातो, त्यांनी हा प्रश्न आधी स्वतःच्या घरात विचारावा.